कुरडया, पाहुणे आणि तेहतीस टाके

बहिणीच्या लेकीला जुलैअखेरची तारीख मिळाली आणि बाळंतविड्यातलं विणकाम न विचारता माझ्याकडे आलं. आमच्या माहेरी ही कामं अशीच वाटली जातात. झबली-लंगोट मामी शिवते, दुपटी आईच्या जुन्या सुती पातळांची होतात, आणि स्वेटर, टोपडं, पायमोजे, पांघरूण यांच्यासाठी 'तुझ्या सुया आहेतच की' एवढं एक वाक्य पुरतं. सुया आहेत, हे खरं. पण एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत कोथरूडच्या आमच्या घरात काय चाललेलं असतं, याची चौकशी कुणी करत नाही.

मी एका सीएच्या ऑफिसात अर्धवेळ काम करते. मार्च संपला की आम्ही मोकळे, असं लोकांना वाटतं. जीएसटीची अकरा आणि वीस तारीख मात्र दर महिन्याला येतेच, आणि त्याआधीचे दोन दिवस घरी कुणी माझ्याशी फारसं बोलत नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात मुलांच्या परीक्षा संपतात. मग नणंद नागपूरहून येते, आठवडाभर राहून परत जाते आणि तिची दोन मुलं आमच्याकडे ठेवते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आपल्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणजे आमची दोघं पंधरा जूनच्या सुमाराला दप्तरं पाठीला लावून निघतात, तेव्हा पाहुण्यांची सुट्टी अजून बाकी असते. मध्ये सासूबाईंची वाळवणं, दोन मुंजी, एक लग्न, चिपळूणला माहेरची फेरी. आणि यंदा सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन.

एरवी मी उन्हाळ्यात सुया गुंडाळूनच ठेवायचे. दिवाळीनंतर हवेत गारवा आला की बाहेर काढायच्या. यंदा ती सोय नव्हती. सुरुवातीला मी विणायला सलग तास-दीड तास कुठे मिळेल हे शोधत होते आणि तो मिळणार नाही हे दिसतच होतं. मिळणार होती ती भुगा झालेली मिनिटं. मग प्रश्न उलटा विचारला: असं काय विणावं, की ते कुठेही तोडलं तरी बिघडणार नाही?

न विणणाऱ्यांना वाटतं, विणकाम केव्हाही खाली ठेवता येतं. ओळ पूर्ण झाली असेल तर येतं. अर्ध्या ओळीत सोडलं, तर पुढच्या खेपेला आपण जात होतो की येत होतो हे बघावं लागतं, सुईच्या टोकाचे दोन-चार टाके निसटतात, आणि जिथे थांबलो तिथला टाका हमखास सैल पडतो. म्हणून किती वेळ मिळतो यापेक्षा एक ओळ किती वेळाची आहे हे महत्त्वाचं. आठ नंबरच्या सुईवर, म्हणजे चार मिलिमीटरच्या, मध्यम जाडीच्या लोकरीचे मला दहा सेंटिमीटरला बावीस टाके येतात. पाऊण मीटर रुंद पांघरूण सलग विणायचं तर सुईवर एकशे पासष्ट टाके. एका ओळीला सहा-सात मिनिटं. आमच्या घरात मे महिन्यात सहा-सात मिनिटं कुणी हाक मारली नाही, तर काहीतरी फुटलंय का ते जाऊन बघावं लागतं.

तेच पांघरूण पंधरा सेंटिमीटरच्या पंचवीस चौकोनांचं केलं, तर सुईवर टाके फक्त तेहतीस. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये एक ओळ आरामात होते. वीण साधी: दोन्ही बाजूंनी सुलट. या विणीचा एक गुण असा की एक टाका जितका रुंद, जवळजवळ तितक्याच उंचीत दोन ओळी बसतात आणि त्या दोन ओळींची मिळून एक आडवी धार उठते. त्यामुळे तेहतीस टाके घेतले की तेहतीस धारा झाल्यावर चौकोन आपोआप चौकोन होतो. मोजपट्टी नको, कागदावर रेघोट्या नकोत. काम कुठे थांबलं हे ते काम हातात घेतल्याबरोबर दिसतं. पाहुण्यांच्या घरात हा फार मोठा गुण आहे.

याची किंमतही आहेच. पंचवीस चौकोन म्हणजे लोकरीची पन्नास टोकं आत ओवायची आणि चाळीस शिवणी घालायच्या. सलग पांघरुणाला यातलं काहीच लागत नाही. पण टोकं ओवणं आणि शिवणी घालणं ही गप्पा मारत करायची कामं आहेत. ती नंतरही करता येतात.

खरेदीला तुळशीबागेत गेले. एप्रिलमध्ये लोकरीच्या दुकानात गेलं की एक सुख असतं: गर्दी नाही, दुकानदाराला वेळ आहे, आणि वरच्या फळीवरचे रंग तो कुरकुर न करता काढून देतो. लोकरीचा प्रकार ठरवताना मात्र मी बराच वेळ घेतला. बाळासाठी सुतीच हवं, असं सगळे सांगतात, आणि उन्हाळ्यात जन्मणाऱ्या बाळासाठी ते ठीकही आहे. हे बाळ मात्र ऐन पावसाळ्यात येणार होतं. ऑगस्टमध्ये पुण्यात विणलेलं जाड सुती कापड दोरीवर टाकलं, की दुसऱ्या दिवशीही ते ओलसर आणि कुबट. शिवाय सुती विणकामाला ताण नसतो. ते धुतल्यावर जड होऊन लोंबतं. अॅक्रिलिक पाणी धरत नाही, पंख्याखाली लवकर वाळतं, मशीनमध्ये टाकता येतं. बाळंतिणीच्या घरी हाताने धुवायची नाजूक लोकर पाठवणं म्हणजे तिला कामाला लावणंच. म्हणून पांघरूण आणि स्वेटर मऊ अॅक्रिलिकचे, पायमोजे सूत आणि अॅक्रिलिक मिसळलेल्या मिल्क कॉटनचे.

टोपडं मात्र शंभर टक्के सुती. याचं कारण धुरी. बहिणीच्या घरी अजूनही बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीत निखारे ठेवून वावडिंग-ओव्याची धुरी देतात. हल्लीचे डॉक्टर याला नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहेत. तान्ह्याच्या छातीत धूर कशाला? हे मी बहिणीला सांगितलंही. पण आजेसासूबाई हयात असलेल्या घरात तिथे कोण जिंकणार आहे ते मला आधीच माहीत होतं. अॅक्रिलिक निखाऱ्याजवळ पेट घेण्याआधी वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. सूत निदान चिकटत तरी नाही. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं.

रंगांचा एक फायदा चौकोनांमुळे झाला. एका रंगाचं मोठं काम असलं की सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यावे लागतात, नाहीतर मध्येच छटा बदलते आणि ती लांबूनही दिसते. इथे पाच रंग होते आणि कुठला चौकोन कुठे बसेल हे शेवटी ठरणार होतं. लॉट नंबर बघत बसायचं कारण नव्हतं. पिवळा, पोपटी, मोरपंखी, भगव्याकडे झुकणारा केशरी आणि दुधी. मुलगा की मुलगी हा प्रश्न दुकानदाराने विचारलाच, पण आपल्याकडे तो आधी कळत नाही आणि कळून घ्यायचाही नाही, त्यामुळे रंग निवडणं सोपं गेलं.

आता सामान. सुट्टीत आमच्याकडे आम्रखंडाचे डबे रिकामे होत राहतात. त्यांच्या झाकणाला भोक पाडून त्यातून लोकर बाहेर काढली की गुंडा आत फिरतो, घरभर पळत नाही, आणि झाकणावर आमरसाचा शिंतोडा पडला तर पुसता येतो. प्रत्येक डब्यात एक गुंडा आणि आखूड गोल सुई, म्हणजे दोन टोकांना जोडणारी मऊ तार असलेली. आपल्या नेहमीच्या लांब सुया घरात बऱ्या, पण बसमध्ये किंवा मेट्रोत त्या शेजारच्याच्या बरगडीत जातात. शिवाय गोल सुईवर काम एका अंगाला सरकवून ठेवलं की टाके तारेवर सुरक्षित राहतात. एक डबा स्वयंपाकघरात फ्रिजवर, एक माझ्या ऑफिसच्या पिशवीत, एक मुलांच्या पोहण्याच्या सामानाच्या पिशवीत. सुया शोधायला उठावं लागलं की विणकाम संपलंच, त्यापेक्षा तीन कामं तीन ठिकाणी चालू ठेवलेली बरी.

पहिली खरी बैठक टिळक तलावावर. मुलांची पोहण्याची बॅच चालू असताना बाहेर आईबापांची रांग बसते. बाकीचे मोबाईलमध्ये, मी पायमोज्यात. पायमोज्याला सुईवर चाळीस टाके, त्यातही घोट्याशी दोन सुलट दोन उलट अशी ताणणारी पट्टी, पुढे टाच. टाचेला लक्ष लागतं, म्हणून टाच नेहमी इथे. कारण पाऊण तास मूल पाण्यात आहे म्हणजे ते 'आई, भूक' म्हणणार नाही. पुण्यात मे महिन्यात चारचौघांत लोकर काढून बसलं की कुणी बघून न बघितल्यासारखं करत नाही. 'अहो, उकडत नाही का?' हा प्रश्न मला इतक्यांदा आला की मी उत्तरादाखल पायमोजा त्यांच्या अंगठ्यात घालून दाखवायला लागले. एवढ्याशा वस्तूने काय उकडणार? मांडीवर वीतभर कापड आहे. मेट्रोत एका आजींनी माझ्या हातातला चौकोन मागून घेतला, चार टाके विणून दिले आणि 'तुमचा हात फार आवळ आहे' असा अभिप्राय देऊन गरवारे कॉलेजला उतरल्या. त्यांचे चार टाके अजून ओळखू येतात. ते माझ्यापेक्षा चांगले आहेत.

वनाझहून पुणे स्टेशनकडे ऑफिसला जाताना बसायला जागा मिळाली, तर मेट्रोसारखी विणायची जागा नाही. गार हवा, गचके नाहीत, हाताला घाम नाही. घामाचं सांगते. अॅक्रिलिक आणि अॅल्युमिनियमची सुई हे दोन्ही घामट हातात गेले की लोकर सुईवर सरकेनाशी होते, कुईकुई आवाज करते आणि आपण नकळत आवळून विणतो. पुण्याचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे हाताला चिमूटभर टाल्कम पावडर लावली की दुपारीही निभावतं. चिपळूणला हे काही चाललं नाही. त्याकडे येतेच.

स्वेटर या सगळ्या गडबडीत बसण्यासारखा नव्हता. त्यात घटवायचे टाके, बाह्यांच्या जोड्या, दोन्ही पुढचे भाग आरशातल्यासारखे उलटसुलट. तो पहाटे, साडेपाचच्या सुमाराला, घर उठायच्या आधी. हल्ली गळ्यापासून खाली सलग, बिनशिवणीचे स्वेटर विणायची पद्धत आहे आणि त्याचं कौतुक फार. थंडीत मीही तसेच विणते. पण त्यात वाढत जाणारा अख्खा स्वेटर मांडीवर घेऊन बसावं लागतं. उन्हाळ्यात जुनी पद्धत बरी: पाठ, दोन पुढे, दोन बाह्या, पाच सुटे तुकडे, एकेक छोटा. मापही नवजात बाळाचं घेतलं नाही. जुलैअखेर जन्मलेल्या बाळाला पुण्याची थंडी लागेल ती नोव्हेंबर-डिसेंबरात, तोवर ते चार-पाच महिन्यांचं झालेलं असणार. म्हणून छातीला पन्नास सेंटिमीटर, पुढून उघडा. डोक्यातून ओढून घालायचा स्वेटर देणाऱ्यांनी स्वतः कधी तान्ह्याला कपडे घातलेले नसतात.

जाळीची नक्षी मी मुद्दाम टाळली. दिसते सुरेख, पण बाळाची बोटं भोकांत अडकतात. पायमोज्यांच्या आतही लोंबती टोकं ठेवायची नाहीत. बारीक धागा बोटाला वेढला तर बाळ रडतं आणि कुणाला कारण कळत नाही. प्रत्येक टोक उलटसुलट दिशेने तीन-चारदा ओवून मग कापायचं.

पहाटेच्या या एकांताला वाटेकरी होत्या सासूबाई. त्यांनी काही दिवस नुसतं बघितलं आणि मग विषय काढला. मूल हातात येण्याआधी बाळंतविडा तयार करून ठेवू नये. माझ्या बहिणीच्या घरचे असलं काही मानत नाहीत, मीही नाही, पण आईंच्या चेहऱ्यावरून ते त्या गंमत म्हणून म्हणत नव्हत्या. मी म्हटलं, आई, जन्मल्यावर विणायला घेतलं तर मूल शाळेत जायला लागेल. त्यांनी विचार केला, चहा घेतला आणि तोडगा काढला: विण, पण पुरं करू नको. प्रत्येक वस्तूत काहीतरी शिल्लक ठेव. तोडगा माझ्या इतका सोयीचा होता की मी लगेच मान्य केला. तेव्हापासून मी अपूर्ण कामांचा ढीग उजळ माथ्याने बाळगत होते. कुणी विचारलं, स्वेटर झाला का, की उत्तर तयार: आईंनी बटणं लावायची नाहीत म्हटलंय.

कुरडयांच्या दिवशी विणकामाला सगळ्यात चांगला वेळ मिळेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. आमच्याकडे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवायचा. तो घोटताना दंड भरून येतात. ऊन तापायच्या आत गच्चीवर प्लास्टिक पसरून सोऱ्याने कुरडया घालायच्या. या सगळ्यात लोकरीला हात लावायचा प्रश्नच नाही, चिकाचे हात वाळले की पापुद्रे सुटतात. पण त्यानंतर कुणीतरी राखण करायला बसावं लागतं. पूर्वी कावळ्यांची राखण असायची, आता कबुतरांची. मुलांना बसवलं की ती कच्चा चीक आणि अर्धवट वाळलेल्या कुरडया दोन्ही खातात. म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले, शेजारी काठी, हातात चौकोन. खाली हाका मारल्या तरी ऐकू न येण्याची सोय. त्या सकाळी जेवढे चौकोन झाले तेवढे पूर्ण आठवड्यात झाले नव्हते. पुढे साबुदाण्याच्या पापड्यांना मी आपण होऊन राखणीला बसते म्हटलं, तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे संशयाने बघितलं.

लोणच्याच्या दिवशी मात्र सुया कपाटात. हळद, मोहरी आणि तेल यांचा हात कितीही धुतला तरी नखाच्या कडेला पिवळं राहतं, आणि दुधी रंगाच्या लोकरीला ते बरोबर सापडतं.

दुपारची तक्रार भाचेबुवांकडून आली. वय दहा, नागपूरकर, त्यामुळे आमच्या चाळीस डिग्रीला 'ये क्या गर्मी है मामी' म्हणून हिणवणारे. पण त्यांनाही दुपारी बारा ते पाच घरात कोंडलं जात होतंच. कॅरमवर भांडणं झाली, पत्त्यांवर झाली, मोबाईलची वेळ संपली. मग माझ्यासमोर बसून 'यात काय असतं' असं विचारलं. मी जाड लोकर आणि सहा नंबरच्या सुया दिल्या. सुरुवातीला आठच टाके. सुलट टाका पोरं पटकन उचलतात. सुई आत, दोरा फिरव, बाहेर ओढ, उडव. अडतं ते काठाशी. ओळ सुरू करताना दोरा सुईच्या वरून मागे गेला, की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर दिसतात आणि मूल प्रामाणिकपणे दोन्ही पायांत सुई घालून दोन टाके काढतं. प्रत्येक ओळीला एक टाका वाढतो. भाचेबुवांची पट्टी खाली आठ टाक्यांची आणि वर एकवीसची झाली. घरच्यांनी तिला नागपूरचं संत्रं म्हटलं. दोरा खालून, पुढून घ्यायचा एवढंच दाखवल्यावर काठ सरळ आला. पण पहिली पट्टी उसवायला त्यांनी साफ नकार दिला.

त्यांची थोरली बहीण, चौदा वर्षांची, हे सगळं पलंगावरून तुच्छतेने बघत होती. ती विणायला आली नाही ते नाहीच. मात्र चौकोन कसे मांडायचे याचे फोटो काढून, रंग हलवून, तिने मला सहा प्रकार करून दाखवले. पांघरुणाची अंतिम मांडणी तिचीच आहे.

सासऱ्यांच्या डोळ्याच्या तपासण्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग पुन्हा थेंब. त्यांना वाचता येत नाही, टीव्हीकडे बघवत नाही, म्हणून ते बोलतात, आणि हात गुंतलेला असला की मी चांगली ऐकते. टोपड्याचे बहात्तर टाके तिथेच घातले. तान्ह्याच्या डोक्याचा घेर साधारण पस्तीस सेंटिमीटर धरला तरी टोपडं बत्तीसचं करायचं, कारण दोन सुलट दोन उलट ही वीण ताणली जाते आणि नीट बसते.

चिपळूण. स्वारगेटहून एसटीने, कराड-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून. घाटात विणू नये. खाली बघितलं की पोटात ढवळतं. सपाटीवर बिनडोक चौकोन चालतो. घरी पोहोचले आणि दमट हवेत दुसऱ्याच दिवशी पावडरीचा लगदा व्हायला लागला. सुई चिकटायला लागली. चौकोन पुण्याच्या चौकोनांपेक्षा स्पष्ट लहान निघायला लागले, कारण ओढून-ताणून विणलं जात होतं. आठ नंबरची सुई ठेवून सात नंबरची, म्हणजे जरा जाड, घेतली असती तर कदाचित जमलं असतं, पण त्याहून मोठी अडचण अंगणात होती. फणस. गऱ्यांना बसलेल्या बाईच्या हाताला तेल असतं आणि विळीला चीक. एकदा त्या चिकाचा दोरा लोकरीला लागला की लोकर कापायचीच. आईने माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि माळ्यावर ठेवला. 'चार दिवस आलीस, गरे काढ.' त्यानंतर तिथे माझा एकही टाका झाला नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

निघण्याआधी मी स्वेटरच्या बाहीत एक साधी खबरदारी घेतली होती. वेगळ्या रंगाचा सुती दोरा सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून पार करून ठेवायचा. पुढे काहीही उसवलं तरी त्या दोऱ्यापाशी थांबतं. परत आले तर धाकटीने फुगा फोडायला नेमकी तीच सुई ओढून नेली होती. टाके मोकळे, पण दोऱ्यावर जागच्या जागी. पाच मिनिटांत पुन्हा सुईवर चढवले.

जूनमध्ये पहिल्या पावसाने हवा उतरली आणि जोडणीला घेतलं. चौकोन समोरासमोर धरून काठाच्या गाठीगाठीतून सुई घालत जायचं, म्हणजे शिवण सपाट राहते आणि बाळाच्या पाठीला बोचत नाही. चिपळूणचे लहान चौकोन मध्यभागी घेतले, तिथे शेजारच्या चौकोनांनी ते ताणून धरले. अॅक्रिलिकला इस्त्रीची वाफ दाखवून माप वाढवायचा मोह होतो. ती एकदा जास्त लागली की वीण लुळी पडते आणि पुन्हा उठत नाही, म्हणून तो मार्ग घेतला नाही. भाचेबुवांनी सरळ काठाचे दोन चौकोन वेळेत दिले. संत्रं पांघरुणात बसलं नाही. त्याच्या दोन कडा शिवून त्यांनी चष्म्याची पिशवी केली आणि आजोबांना दिली. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा त्यात मावतो.

आईंच्या अटीप्रमाणे पांघरुणाच्या एका कोपऱ्याची शिवण, स्वेटरची बटणं, एका पायमोज्याचा अंगठा आणि टोपड्याचा बंद शिल्लक ठेवला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुलगी झाल्याचा फोन आला. आईंनीच बटणांची पुडी आणून माझ्यापुढे ठेवली. बारशाला सगळं पोहोचवलं. बहिणीच्या लेकीला एवढंच सांगितलं की झोपवताना हे अंगावर टाकू नकोस, सैल पांघरूण तान्ह्याच्या तोंडावर येऊ शकतं. बाहेर नेताना गुंडाळ, नाहीतर जमिनीवर पसरून तिला पालथं घाल. पायमोजे तिने बारशातच दोनदा उडवले. टोपडं बसलं.

राखीच्या सुमाराला नणंदेचा फोन. 'वहिनी, तुमचा शिष्य मधल्या सुट्टीत विणत होता. बाईंनी सुया काढून घेतल्यात आणि मला भेटायला बोलावलंय.' मी म्हटलं, सुया राहू देत त्यांच्याकडे, डाव्या हाताच्या बोटांवर विणता येतं. लोकर चारही बोटांच्या पुढून-मागून नागमोडी फिरवायची, परत यायचं, मग खालचा वेढा बोटावरून उचलून मागे टाकायचा. मफलरएवढी पट्टी आरामात होते. जाड लोकर मात्र लागते, आणि ती ऑगस्टमध्ये नागपुरात कुठल्या दुकानात मिळेल हे नणंदेलाच बघावं लागणार आहे.